किक मारायचे तुम्ही

उद्या सकाळी भंडाऱ्याहून शोरूमचा टेम्पो येणार आहे, तुमची फटफटी न्यायला. ही बातमी मीच तुम्हाला सांगावी म्हणून लिहायला बसले. तुम्ही असता तर 'शोरूम' हा शब्द ऐकूनच पाना हातात घेऊन दारात आडवे झाला असता आणि टेम्पोवाल्याला चहा पाजून तसाच परत पाठवला असता. आता दारात आडवं होणारं कोणी नाही. मी आहे, पण मी तर पहिल्यापासून शोरूमच्या बाजूची.

तेरवी झाली, पाहुणे गेले. मनोहरभाऊजी सगळ्यात शेवटी निघाले. पायात चप्पल घालता घालता म्हणाले, "वहिनी, गाडी उभ्या उभ्या सडून जाईन. शोरूममधी खोलून साफसूफ करून घेऊ. मंग मी नेतो आमच्या गावाले, नाकाडोंगरीले. चालत राहिली तं भाऊची आठवण राहीन." तुमचा धाकटा भाऊ, मनापासून बोलला. त्याच्या बोलण्यात चूक काहीच नव्हती. मला चालवता येत असली तरी चालू करता येत नाही, हे त्याला माहीत आहे, साऱ्या अड्याळ गावाला माहीत आहे. मी "बरं" म्हटलं. तेव्हापासून घरापुढच्या सपरीत, जिथे गाडी उभी आहे, जायचं झालं की मी तोंड फिरवून जाते.

भीती कसली आहे ते सांगते. ती गाडी उघडली की तुमचा हात तिच्यातून जाईल. टॅपेटमधलं अंतर, कार्बोरेटरचा स्क्रू, चेनचा ताण, सगळं तुम्ही ठेवलं तसं आहे. शोरूमवाले ते त्यांच्या पुस्तकाप्रमाणे करतील. गाडी चांगलीच होऊन येईल, फक्त तुमची राहणार नाही. तुमचे कपडे वन्संनी धुऊन टाकले. गादी उन्हात पडली, उशीचा अभ्रा बदलला गेला, दाढीचा ब्रश कोणी कुठे ठेवला मला ठाऊक नाही. तुमच्या हाताने लावलेलं आणि जसंच्या तसं राहिलेलं असं या घरात आता तेवढंच आहे.

आणि गंमत बघा, हे मी लिहिते आहे. मी! सरकारी दवाखान्यातली नर्स. लोकांनी घरच्या घरी इलाज करू नये, वेळेवर दाखवायला यावं, हे सांगत मी गावोगाव फिरले. फिरले कशावर, तर घरच्या घरी इलाज केलेल्या फटफटीवर. तुम्ही मागे वळून म्हणायचे, "आता सांग बायायले, दवाखान्यात जा म्हणून." मी तुमच्या पाठीत एक चापट मारायची. पाटबंधारे खात्यातल्या तुमच्या नहराच्या फेऱ्या आणि माझ्या वस्त्यावस्त्यांच्या फेऱ्या एकाच गाडीवर व्हायच्या. पाणी सुटलं का ते तुम्ही बघायचे, पोरांना ताप आहे का ते मी.

आणीबाणी उठली त्याच्या आसपास गाडी आली. नंबर लावून इतकी वर्षं वाट पाहिली होती की ती येईल यावरचा माझा विश्वासच उडाला होता. पहिल्या वर्षीची फुकट सर्व्हिसिंग होती म्हणून तुम्ही मला मागे बसवून ती भंडाऱ्याला घेऊन गेलात. तिथे दाराशी दोरी बांधलेली, आत ग्राहकांनी यायचं नाही. तुम्ही बाहेरच्या बाकड्यावर उभे राहून खिडकीतून आत बघत होतात. बाकी लोक बाकड्यावर बसले होते आणि माझा नवरा बाकड्यावर उभा होता. लाजेने मी तिकडून निघून बाजारात बांगड्या बघायला गेले. परत येताना सगळ्या वाटेने तुमची एकच टकळी. "धुऊन देली म्हंजे सर्व्हिसिंग झाली काय? नुसती आंघोळ घातली. आंघोळ तं मी बी घालतो."

पुढच्या खेपेला तुम्ही शेंदूर तेलात कालवून बसलात. मला वाटलं मारुतीला निघालात. तुम्ही काडीने एकेका नटावर बारीक रेघ ओढत होतात, अर्धी नटावर, अर्धी इंजिनावर. नट फिरला तर रेघ तुटणार. रेघ साबूत राहिली तर शोरूमवाल्यांनी हातच लावला नाही हे सिद्ध होणार. तुमचा तो आनंद! पोलिसात जायला हवं होतं तुम्ही.

गाडी घेऊन परत आलात तो दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला. अंधारात रेघा दिसेनात, सकाळी बघू म्हणून झोपलात. आणि सकाळी तुम्ही उठायच्या आधी मी गाडीला साबण लावून धुतली, पुसली, झेंडूची माळ घातली, आणि घरच्या सगळ्या अवजारांना लावते तसं प्रत्येक नटाला हळदीकुंकवाचं बोट लावलं. एकही नट सोडला नाही. देवाचं काम अर्धवट करायची मला सवय नाही. तुम्ही बाहेर आलात, गाडीजवळ उकिडवे बसलात. मग म्हणालात, "काय केलं वो तू हे! पुरा पुरावा धुऊन टाकला." तरी सण झाल्यावर तुम्ही भांडायला भंडाऱ्याला गेलातच. तिथले रामटेके मिस्त्री गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "साहेब, इथं तं कुंकू लागलं हाय. रेघ कोठी हाय?" सगळं वर्कशॉप हसलं म्हणे. त्या दिवसापासून तुम्ही शोरूमशी कट्टी घेतली. गाडीला कोणी हात लावायचा तर तो तुम्हीच. एकदा खोललं की पहिल्यासारखं राहत नाही, हे तुमचं पालुपद तेव्हापासूनचं. स्वतः मात्र दर उन्हाळ्यात खोलायचे, आणि जोडून झालं की शेंदराच्या नव्या रेघा ओढायचे.

तुम्ही काही फार मोठे मेकॅनिक नव्हते, हेही आज सांगून टाकते. तुमच्यामागे तुमची नुसती स्तुती करत बसले तर तुम्हालाच ओळख पटायची नाही. एका उन्हाळ्यात सगळं इंजिन पोत्यावर मांडून परत जोडलंत आणि एक वायसर उरला. तो मला कपडे धुताना तुमच्या खिशात सापडला. विचारलं तर म्हणालात, "कंपनीनं जास्तीचा घातला होता." पुढचे कितीतरी दिवस गाडी जिथे उभी राहायची तिथे तेलाचं थारोळं व्हायचं. मी रोज रांगोळी घालायला जायची आणि तिथे तुमचीच रांगोळी आधी घातलेली असायची. शेवटी एका रविवारी गुपचूप परत खोललीत. वायसर जागेवर गेला.  फक्त जेवायला वाढताना खूप हसले, तुम्ही मान खाली घालून भात कालवत राहिलात.

आणि तो तळ्याच्या पाळीवरचा दिवस. आठवतो? तुम्हाला आठवतो की नाही, हे आता कोणाला विचारू? पाळीवर, त्या मातीच्या उंच काठावर, गाडी बंद पडली. तुम्ही म्हणालात, कार्बोरेटरमध्ये कचरा आहे. खाली सगळं गवत, एखादा स्क्रू पडला तर गेलाच. तुम्ही मला पाळीवर बसवलंत, माझा ड्यूटीचा पांढरा पदर मांडीवर पसरायला लावलात आणि एकेक स्क्रू, जेट, स्प्रिंग काढून त्यावर ठेवत गेलात. "हालू नको. खोकलू बी नको." मी हलले नाही. तळ्यात जाळं टाकणारे दोघं जण डोंगा थांबवून आमच्याकडे बघत राहिले. त्यांना काय वाटलं असेल? बाई ओटी पसरून बसलेली आणि माणूस तिच्या ओटीत लोखंड घालतो आहे. त्या लुगड्याचे तेलाचे डाग पुढे कधी गेले नाहीत. मी ते लुगडं टाकलं नाही, घरात नेसत राहिले. तुम्हाला वाटायचं मी काटकसर करते.

आता स्टेथस्कोपचं. हे लिहायचं नव्हतं, पण हात तिकडेच जातो आहे.

माझ्या जुन्या स्टेथस्कोपची नळी चिरली, तेव्हा तुम्ही तो मागून घेतलात. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवून नळी सांधलीत आणि इंजिनाला लावून आतल्या टॅपेटची टकटक ऐकू लागलात. डोळे मिटून, मान तिरपी करून. आमच्या डॉक्टरसाहेबांनी कधी इतक्या भक्तिभावाने पेशंट तपासला नसेल. मी चिडवायची, "काय म्हणते तुमचा पेशंट?" तुम्ही बोट वर करायचे, थांब म्हणून. मला ते आवडायचं. खरं सांगते, फार आवडायचं.

मग किक मारताना तुम्ही मध्येच थांबायला लागलात. हँडलला धरून उभे, तोंड दुसरीकडे, कपाळावर घाम. "काय झालं?" "काही नाही. गॅस झाला." ओवा खाल्ला, सोडा प्याला. मी रोज लोकांना बघते हो, मला गॅस कळतो. मी म्हटलं, नागपूरला जाऊन कार्डिओग्राम काढून या. तुम्ही म्हणालात, "मले काही नाही झालं." मी म्हटलं, भंडाऱ्याला तरी चला. तुम्ही म्हणालात, "तुह्या डिपार्टमेंटमधी एकदा मानूस गेला का खोलतेच ते. अन् एकदा खोललं का पहिल्यासारखं नाही राहत." मी आमच्या डॉक्टरसाहेबांना चहाच्या निमित्ताने घरी घेऊन आले, तर तुम्ही त्यांच्या स्कूटरचा प्लग साफ करून दिलात आणि त्यांना वाटेला लावलंत. ते बिचारे खुश होऊन गेले.

एक दिवस मी रागाने तो सांधलेला स्टेथस्कोप तुमच्या अंगावर फेकला. "गाडीचं आयकता, एकदा स्वतःच्या छातीले लावून पाहा." तुम्ही तो कानाला लावलात, छातीवर ठेवलात, डोळे मिटलेत, मान तिरपी केलीत. मी वाट बघत उभी. तुम्ही डोळे उघडून म्हणालात, "टॅपेट बराबर हायेत, डाक्टरीनबाई."

आणि मी हसले. त्या क्षणी राग गेला माझा. तुम्हाला हसवता यायचं, हेच वाईट झालं.

तुम्ही गेलात त्या सकाळीही आपण तेच भांडत होतो. लवकर येणारा हलका धान कापून झाला होता, नहराचं शेवटचं पाणी सुटलं होतं. तुम्ही म्हणालात, दिवाळी होऊ दे, मग पाहू. मी म्हटलं, पाहू म्हणजे काय, मला तारीख सांगा. तुम्ही स्क्रू फिरवायचा पेचकस शोधत होतात. "माह्या पेचकस कोठी ठेवला वो?" हे तुमचं माझ्याशी नीट बोललेलं शेवटचं वाक्य. मी उत्तर दिलं नाही, रागात होते. पुढे दवाखान्याच्या जीपमध्ये भंडाऱ्याच्या वाटेवर तुमचं डोकं माझ्या मांडीवर होतं, तेव्हा काही बोललात, पण जीपच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पेचकस शिवणाच्या मशीनच्या खणात आहे. तुम्हीच ठेवला होता.

बस, आज एवढंच. उद्या टेम्पो येईल.

*

टेम्पो आला आणि रिकामा गेला. काय झालं ते सांगते.

टेम्पोसोबत रामटेके मिस्त्री स्वतः आले होते. केस पांढरे झाले आहेत त्यांचे. हात जोडून उभे राहिले. "बाई, आयकून लय वाईट वाटलं. आता आमच्यासंग भांडायले कोनी नाही राहिलं." मी त्यांना सपरीत नेलं. गाडीवरची चादर त्यांनी काढली, कारण माझा हात होईना. तुमच्या शेंदराच्या रेघा सगळ्या नटांवर होत्या, एकही तुटलेली नव्हती. ते त्या रेघांकडे बघून थोडे हसले. मग खाली वाकून किकेला हात लावला आणि माझ्याकडे वळले.

"लंबी किक बसवली साहेबानं. बराबर बसवली. चालवून राहिल्या ना बाई तुमी?"

मी म्हटलं, "चालवत होती. चालू तेच करून देत होते. माह्यानं किक नाही होत."

ते तर खरंच आहे. नहराच्या पाळीवर, संध्याकाळी, कोणी नसताना तुम्ही मला शिकवलंत. लुगड्याचा काष्टा मारून मी पुढे आणि तुम्ही मागे, माझ्या खांद्यावर हात ठेवून. "बांधाकडं नको पाहू, पुढं पाह." मला वाऱ्यावर हसू यायचं, थांबायचंच नाही. तसं हसू मला आयुष्यात दुसऱ्या कशाने आलं नाही. पण एकदा मी किक मारायला गेले आणि ती उलटी बसली. नडगी फुटता फुटता राहिली, महिनाभर पाय काळानिळा. त्यानंतर आपलं ठरूनच गेलं. चालवायची मी, किक मारायचे तुम्ही. माझी ड्यूटी असली आणि तुम्ही नहरावर नसला तरी तुम्ही सोबत यायचे, दर वस्तीवर किक मारून द्यायला. लोक हसायचे. नर्सबाईचा ड्रायव्हर नाही, किकमास्तर आहे म्हणायचे.

रामटेके मिस्त्री चकित झाले. "म्हंजे साहेबानं तुमाले सांगतलं नाही?"

"काय?"

मग ते सपरीच्या पायरीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. आता नीट ऐका, कारण हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत.

"आखाडी झाली होती. साहेब आले शोरूममधी. बसनं आले, गाडी नाही आनली. मी म्हटलं, आज सूर्य कोनीकडं निघाला? तं बाकड्यावर बसले अन् म्हनते, रामटेके, भांडायले नाही आलो, विचारायले आलो. किक हलकी कराची हाय. बाईमानसाच्या पायानं चालू झाली पाहिजे अन् उलटी नाही बसली पाहिजे. मी म्हटलं, घेऊन या ना इकडं, आमी करून देतो. तं नाही म्हने. तू फक्त सांग, करतो मी. मंग सांगतलं मी. टायमिंग कसं ठेवाचं, हवा सोडाची केबल कशी कसाची. लंबी किक देली काढून. दोन-तीन डाव परत येऊन गेले. हे जमलं नाही, ते कसं करू, असं विचारत बसत. म्या विचारलं, काहून एवढी खटपट साहेब? तं म्हनते, मी नसलो तं आमच्या डाक्टरीनबाईचं काम नाही अडलं पाहिजे."

 मग म्हणाले, "मले वाटलं बाई, साहेबाची बदली होऊन राहिली."

मीही पायरीवर बसले.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आखाडीपासून, आषाढापासून ठाऊक होतं. मी रात्रंदिवस डोकं फोडत होते, नागपूरला चला, भंडाऱ्याला चला, आणि तुम्ही भंडाऱ्याला जात होतात! बसने, मला न सांगता, त्याच स्टँडवर उतरत होतात जिथून सरकारी दवाखान्याचं फाटक दिसतं. आणि तिथून वळून शोरूमला जात होतात. ज्यांच्याशी इतकी वर्षं कट्टी होती त्यांच्या बाकड्यावर जाऊन बसत होतात, विचारत होतात, जमलं नाही म्हणून सांगत होतात. तुम्ही! ज्यांनी उरलेला वायसर खिशात लपवला! तुम्हाला विचारता येत होतं तर. जमत नाही हे दुसऱ्या माणसाला सांगता येत होतं. मग जरा फाटकातून आत जाऊन तेच छातीचं विचारलं असतंत तर काय झालं असतं हो? तुम्ही गेलात, पण चुकीच्या डिपार्टमेंटमध्ये गेलात. असं कोणी करतं का?

खूप रडले. तुम्ही गेल्यापासून अशी रडले नव्हते. रामटेके मिस्त्रींसमोर, टेम्पोच्या ड्रायव्हरसमोर, शेजारच्या बाया कुंपणावरून बघत होत्या त्यांच्यासमोर. कोणाचीच लाज वाटली नाही. तुमचाच राग येत होता आणि तुमचंच सगळं आठवत होतं. पावसाळा संपता संपता एका सकाळी तुम्ही म्हणाला होतात, "एक डाव मारून पाह ना किक." मी पदर खोचत म्हटलं, माझी नडगी अजून विसरली नाही. तुम्ही म्हणालात, "राहू दे मंग." किक बदललेली मी बघितली होती, विचारलंही होतं. जुनी घासली होती म्हणालात. तेवढ्यावरच राहिलं. काय सांगायचं होतं तुम्हाला तेव्हा? सांगितलं असतंत तर मी ती गाडी नहरात ढकलून दिली असती आणि तुम्हाला खांद्यावर टाकून नागपूरला नेलं असतं. म्हणूनच नसेल सांगितलं.

रामटेके मिस्त्री म्हणाले, "मारून पाहा बाई. साहेबानं तुमच्यासाठी केली हाय. आमी न्याच्या आधी एक डाव मारून तं पाहा."

मी उठले. तोंड धुतलं, काष्टा मारला. तुम्ही करायचे ते सगळं मला पाठ होतं, इतकी वर्षं शेजारी उभी राहून बघितलं होतं. पेट्रोलचा नळ उघडला. कार्बोरेटरवरचं बटण ओलं होईपर्यंत दाबलं. हँडलखालचा लिव्हर दाबला, हवा सुटली, किक खाली आली. लिव्हर सोडला. पाय ठेवला. 

पहिल्यांदा गाडी नुसती खोकली. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून मारली आणि गाडी चालू झाली. पायाला काही जाणवलंच नाही हो. घरातला दरवाजा पायाने लोटावा तितकीच जड.

सपरीभर तोच आवाज. तुम्ही ठेवलेला, तुमच्या हातचा, जरासा सावकाश. ऐकणाऱ्या सगळ्यांना तो फार हळू वाटायचा आणि तुम्ही म्हणायचे की बोलणं ऐकू आलं पाहिजे. मी आत जाऊन स्टेथस्कोप आणला, तुमचा, सायकलच्या ट्यूबने सांधलेला. इंजिनाला लावला, डोळे मिटले.  मी बराच वेळ ऐकत राहिले.

टॅपेट बरोबर होते.

गाडी द्यायची नाही हे तिथेच ठरलं. मनोहरभाऊजींना निरोप धाडला की गाडी मीच चालवणार. ते समजून घेतील, नाही घेतलं तर रुसतील थोडे दिवस. टेम्पो रिकामा गेला. दुपारी मी गाडी काढली आणि वस्तीवर गेले, एका बाळंतिणीला बघायला. बाया गोळा झाल्या. मागच्या सीटकडे बघत होत्या, तुम्ही कुठे आहात हे त्यांच्या तोंडातून निघता निघता राहिलं. काम आटपून मी बाहेर आले, किक मारली, गाडी चालू झाली. कोणी हसलं नाही. एक म्हातारी फक्त म्हणाली, "साहेब शिकवून गेले माय तुले." मी हो म्हटलं.

येताना नहराच्या पाळीवरून आले. खांद्यावर काही नव्हतं. बांधाकडे बघितलं नाही.

आता शेवटचं सांगते. रामटेके मिस्त्री निघताना म्हणाले, "चालवान तं बाई तेल बदलवा लागन, पॉइंट पाहा लागन. आज नाही, पन खोला लागन." मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते बिचारे तुमच्या रेघांकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, खोला. संक्रांत झाली की मी स्वतः घेऊन येते. नीट खोला, सगळं बघा, जे बदलायचं ते बदला. रेघा तुटतील, तुटू द्या. गाडीचा स्लो, तो सावकाश आवाज, तुमच्या पुस्तकात असेल तसा ठेवा.

मला रडू आवरत नव्हतं हे म्हणताना, तरी म्हटलं. तुमचा हात जपून ठेवायचा म्हणून मी गाडीला मरू देणार नाही. उघडून बघायचं ते वेळेवर उघडून बघावं लागतं. हेच मी तुम्हाला सांगत होते, तुम्ही मला हसवत राहिलात. गाडीला हसवता येत नाही, म्हणून तिचं तरी मला करता येईल.

तेव्हा संक्रांतीनंतर तुमची फटफटी भंडाऱ्याच्या शोरूमला जाणार, आणि पुढे दर वर्षी जाणार. मी बाकड्यावर बसून राहीन, उभी नाही राहणार, खिडकीतून बघणार नाही. ते जे करतील ते करू देईन आणि धुऊन दिली तर आनंदाने घरी घेऊन येईन.

तुम्हाला हे अजिबात पटणार नाही, मला ठाऊक आहे. या मग. भांडायला तरी या.